अभ्रकात दडलेले पालाश

पालघर तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याने आपल्या भातखाचराची माती तपासून घेतली, की त्याच्या हाती जमीन आरोग्य पत्रिका येते. केंद्र सरकारने ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू केली. पत्रिकेत मातीचा सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नत्र, स्फुरद, पालाश इत्यादी मिळून बारा गोष्टींची नोंद असते. पालाशापुढे एक आकडा आणि त्याच्या शेजारी 'कमी', 'मध्यम' किंवा 'जास्त' असा एक शब्द असतो. हेक्टरी २८० किलोच्या वर आकडा गेला की सर्वसाधारणपणे 'जास्त' असा शेरा मिळतो. शेरा 'जास्त' असेल तर शेतकरी पालाशाचे खत घालत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकते असेही नाही. पण हा आकडा नेमका कशाचा? मातीत असलेल्या सगळ्या पालाशाचा तो नक्कीच नव्हे.

एक साधे गणित करून पाहू. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थरातील मातीचे वजन ढोबळमानाने २० लाख किलो धरतात. समजा, या मातीत एकूण अर्धा टक्का पोटॅशियम आहे. म्हणजे हेक्टरी १०,००० किलो झाले. प्रयोगशाळेने त्याच मातीत किलोमागे १२० मिलिग्रॅम पोटॅशियम दाखवले, तर हेक्टरी भरते २४० किलो. (खतांच्या व्यवहारात पोटॅशियम हे त्याच्या ऑक्साइडच्या रूपात, म्हणजे 'पालाश' म्हणून मोजतात. त्यासाठी १.२ ने गुणायचे, म्हणजे २८८ किलो पालाश, शेरा 'जास्त'.) प्रयोगशाळेला शंभरातले जेमतेम अडीच भाग दिसले. उरलेले साडेसत्त्याण्णव भाग कुठे गेले?

आता दुसरे गणित. समजा, या शेतात ३ टन भात आणि ४ टन पेंढा निघाला. दाण्यात पोटॅशियम फार थोडे, सुमारे ०.३ टक्के असते. पेंढ्यात मात्र दीड टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे दाण्यातून ९ किलो आणि पेंढ्यातून ६० किलो, असे एका हंगामात जवळजवळ ७० किलो पोटॅशियम शेताबाहेर जाते. या हिशेबाने २४० किलोंचा साठा चार वर्षेही पुरायला नको. प्रत्यक्षात चार वर्षांनी माती पुन्हा तपासली, तर आकडा थोडाच उतरलेला दिसतो. दिसणाऱ्या साठ्यात न दिसणाऱ्या साठ्यातून सतत भर पडत असते, हे यावरून उघड होते. या न दिसणाऱ्या साठ्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे अभ्रक गटातील खनिजे. त्यांतून पोटॅशियम कसे निघते, ते मोजायचे कसे आणि पालघर-बोईसरच्या जमिनीच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत.

चार कप्पे

मातीतील पोटॅशियम चार कप्प्यांत वाटलेले आहे, अशी कल्पना केली तर समजायला सोपे जाते. पहिला कप्पा मातीच्या ओलाव्यात विरघळलेल्या पोटॅशियमचा. मुळे ते सरळ शोषून घेतात, पण त्याचे प्रमाण हेक्टरी काही किलोच असते. दुसरा कप्पा चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावर सैलपणे धरून ठेवलेल्या पोटॅशियमचा. दुसरा धन आयन आला की हे पोटॅशियम जागा सोडते, म्हणून त्याला विनिमयक्षम म्हणतात. तिसरा कप्पा अभ्रकासारख्या खनिजांच्या थरांमध्ये अडकलेल्या पोटॅशियमचा. याला स्थिर किंवा बद्ध पोटॅशियम म्हणतात. चौथ्या कप्प्यात फेल्डस्पारसारख्या खनिजांच्या घट्ट चौकटीत बांधलेले पोटॅशियम असते. खनिज स्वतः विघटित झाल्याशिवाय ते सुटत नाही.

पत्रिकेवरचा आकडा पहिल्या दोन कप्प्यांचा असतो. मात्र हे कप्पे एकमेकांपासून बंद नाहीत. पहिला रिकामा होऊ लागला की दुसऱ्यातून, आणि दुसरा उतरला की तिसऱ्यातून भर पडते. उलट, खत घातल्यावर काही पोटॅशियम पहिल्याकडून दुसऱ्यात आणि तिसऱ्यातही जाते.

अभ्रकाची घडण

अभ्रक बहुतेकांनी हाताळलेले असते. जुन्या विजेच्या इस्त्रीत तापणाऱ्या तारेखाली असतो तो चकचकीत पारदर्शक तुकडा अभ्रकाचा. नखाने त्याचे पापुद्रे सुटतात, आणि सुटलेल्या पापुद्र्याचे आणखी पापुद्रे करता येतात. असे का होते, याचे उत्तर त्याच्या अंतर्रचनेत आहे.

अभ्रकाचा एक मूळ थर सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा असतो. हा थर स्वतःच तीन पदरी आहे. वर आणि खाली सिलिकॉन-ऑक्सिजनच्या चतुष्फलकांचे पदर, आणि मध्ये ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा लोह यांच्या अष्टफलकांचा पदर. वरखालच्या पदरांत दर चार सिलिकॉन अणूंपैकी एकाची जागा ॲल्युमिनियमने घेतलेली असते. सिलिकॉनवर चार, तर ॲल्युमिनियमवर तीन धन प्रभार. त्यामुळे प्रत्येक अदलाबदलीमागे थरावर एक ऋण प्रभार शिल्लक राहतो. तो भागवण्यासाठी दोन थरांच्या मध्ये पोटॅशियमचे आयन येऊन बसतात.

पोटॅशियमच का? थराच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनच्या अणूंची षट्कोनी जाळी असते आणि तिच्यात खळगे असतात. पोटॅशियमचा आयन या खळग्यात बरोबर मावतो. वरच्या थराचा खळगा आणि खालच्या थराचा खळगा समोरासमोर येतात आणि आयन दोन्हींत अर्धा अर्धा बसतो. शिवाय पोटॅशियमला पाण्याचे फारसे आकर्षण नाही, त्यामुळे भोवतीचे पाण्याचे रेणू टाकून देऊन ते आत शिरू शकते. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे आयन पाण्याचे कडे सहजासहजी सोडत नाहीत. थरांमध्ये त्यांना यायचे तर थर दूर सारावे लागतात.

अभ्रकाचे दोन मुख्य प्रकार आपल्या कामाचे आहेत. पांढरे अभ्रक म्हणजे मस्कोव्हाइट आणि काळे अभ्रक म्हणजे बायोटाइट. मस्कोव्हाइटमध्ये वजनाच्या सुमारे दहा टक्के पोटॅशियम असते, बायोटाइटमध्ये थोडे कमी. पण बायोटाइट आपले पोटॅशियम कितीतरी लवकर सोडते. फरक पडतो तो मधल्या पदरातील हायड्रॉक्सिल गटामुळे. बायोटाइटमध्ये या गटातील हायड्रोजनचे टोक सरळ पोटॅशियमकडे रोखलेले असते. दोन्हींवर धन प्रभार असल्याने पोटॅशियम थोडे ढकलले जाते आणि त्याची पकड सैल होते. मस्कोव्हाइटमध्ये मधल्या पदरातील तीनपैकी एक जागा रिकामी असते. हायड्रोजन त्या रिकाम्या जागेकडे कलतो आणि पोटॅशियम आपल्या खळग्यात निवांत राहते.

अमोनियमची किल्ली कुठे अडते?

पत्रिकेवरचा आकडा काढण्याची पद्धत अशी. ठरावीक वजनाची माती घेऊन तिच्यात एक नॉर्मल अमोनियम ॲसिटेटचे उदासीन द्रावण (सामू ७) घालतात, पाच मिनिटे हलवतात आणि गाळतात. द्रावणातील अमोनियमचे आयन मातीकणांच्या पृष्ठभागावरील पोटॅशियमला हुसकून लावतात. गाळलेले द्रावण फ्लेम फोटोमीटर या उपकरणाच्या ज्योतीत फवारले जाते. पोटॅशियमचे अणू ज्योतीत विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश देतात, त्याच्या तीव्रतेवरून प्रमाण कळते. पद्धत स्वस्त, झटपट आणि भरवशाची आहे. दिवसाला शेकडो नमुने तपासायचे तर अशीच पद्धत हवी.

परंतु या पद्धतीला एक अंगभूत मर्यादा आहे. अमोनियमचा आयन आकाराने पोटॅशियमच्या अगदी जवळचा आहे आणि तोही त्याच षट्कोनी खळग्यात मावतो. अभ्रकाच्या कडेला, जिथे थर थोडे उघडलेले असतात, तिथे अमोनियम शिरते, खळग्यात बसते आणि उघडलेले थर पुन्हा मिटतात. आतले पोटॅशियम आतच राहते. किल्ली कुलपात शिरते खरी, पण फिरत नाही आणि वर कुलपाचे छिद्रही बुजवून टाकते. म्हणून या पद्धतीने माती कितीही वेळ हलवली, तरी तिसऱ्या कप्प्याचा अंदाज येत नाही.

आम्लाची किल्ली

तिसऱ्या कप्प्यासाठी जगभर सर्वांत जास्त वापरली गेलेली पद्धत म्हणजे उकळते नायट्रिक आम्ल. अमेरिकेतील इलिनॉय येथे वुड आणि डीटर्क यांनी १९४० च्या सुमारास ती मांडली. माती एक नॉर्मल नायट्रिक आम्लात दहा मिनिटे मंद उकळायची, गाळायची आणि निघालेले पोटॅशियम मोजायचे. त्यातून विनिमयक्षम पोटॅशियम वजा केले, की राहते ते बद्ध पोटॅशियम. आपल्या देशातील बहुतेक मृद्‌विज्ञान विभागांत ही पद्धत रुळलेली आहे.

आम्ल काम करते ते दांडगाईने. त्यातील हायड्रोजन आयन पोटॅशियमची जागा तर घेतातच, शिवाय मधल्या पदरातील लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम विरघळवून अभ्रकाच्या कडा खाऊन टाकतात. म्हणजे पोटॅशियम मिळते ते खनिजाचा काही भाग मोडून. निघालेल्या आकड्यात थरांतले किती आणि मोडलेल्या चौकटीतले किती, हे वेगळे सांगता येत नाही. शेतात रोपाची मुळे काही माती उकळत नाहीत. तरीही दोन जमिनींची तुलना करायला ही पद्धत चांगली उपयोगी पडते.

न मोडता उघडणारी किल्ली

खनिज न मोडता थरांमधले पोटॅशियम काढता येईल का? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठात ए. डी. स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० पासूनच्या काही वर्षांत दिले. त्यांनी वापरलेले रसायन म्हणजे सोडियम टेट्राफेनिलबोरेट.

या पद्धतीमागचे तत्त्व अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. अभ्रक सोडियमच्या द्रावणात ठेवले, तर थोडे सोडियम आत जाते आणि थोडे पोटॅशियम बाहेर येते. पण बाहेर आलेल्या पोटॅशियमचे प्रमाण जरा वाढले, की समतोल साधतो आणि क्रिया थांबते. अगदी थोडे पोटॅशियमही ती थांबवायला पुरते, कारण अभ्रकाची ओढ सोडियमपेक्षा पोटॅशियमकडे कितीतरी जास्त आहे. क्रिया चालू ठेवायची, तर बाहेर आलेले पोटॅशियम लगेच द्रावणातून हटवले पाहिजे. टेट्राफेनिलबोरेट नेमके हेच करते. सोडियमबरोबर ते पाण्यात सहज विरघळते, पण पोटॅशियम भेटताच त्याचा न विरघळणारा पांढरा साका होतो. द्रावणातील पोटॅशियम जवळजवळ शून्यावर राहते, समतोल कधी साधतच नाही आणि ला शातलिएच्या तत्त्वानुसार क्रिया पुढे सरकत राहते. सोडियम आपल्या पाण्याच्या कड्यासह आत शिरते, थर फाकतात, आणि कडेपासून आत आत पोटॅशियम सुटत जाते.

१९६२ साली स्कॉट आणि रीड यांनी माती व अभ्रकी खनिजांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. बारीक दळलेल्या बायोटाइटमधील थरांतले जवळजवळ सगळे पोटॅशियम या रीतीने काढता येते आणि थरांची घडण शाबूत राहते, असे दिसून आले. त्याच मापाच्या मस्कोव्हाइटला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. पोटॅशियम गमावलेले अभ्रक फुगते आणि व्हर्मिक्युलाइटसारखे वागू लागते.

साक्यात अडकलेले पोटॅशियम मोजण्यासाठी ते पुन्हा सोडवावे लागते. त्यासाठी पूर्वी पाऱ्याचे क्लोराइड घालून उकळत असत. पारा विषारी, म्हणून पुढे त्याऐवजी तांब्याचे क्लोराइड वापरात आले. १९९९ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी या पद्धतीचे सुटसुटीत रूप मांडले. त्यात माती रसायनाबरोबर पाच मिनिटेच ठेवली तरी पिकाला मिळू शकणाऱ्या पोटॅशियमचा अमोनियम ॲसिटेटपेक्षा चांगला अंदाज येतो, असे त्यांनी दाखवले. तरीही रसायन महाग आणि काम जास्त, म्हणून नेहमीच्या माती परीक्षणात ही पद्धत आलेली नाही.

मुळेही हेच करतात

मौज अशी, की वनस्पतीची मुळे याच तत्त्वाने काम करतात. मूळ पोटॅशियम सतत शोषून घेते. त्यामुळे मुळाच्या अगदी लगतच्या मातीत, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात, पोटॅशियमचे प्रमाण फार खाली जाते. साका करणाऱ्या रसायनाची जागा इथे मूळच घेते. त्यात मुळे हायड्रोजन आयनही सोडतात, म्हणजे थोडे आम्लाचे कामही होते. फ्रान्समध्ये फिलिप इन्सिंजर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात रायगवताची मुळे अभ्रकाच्या भुकटीला लागून वाढवली. तेव्हा मुळांजवळच्या अभ्रकाचे काही दिवसांतच व्हर्मिक्युलाइटमध्ये रूपांतर होऊ लागल्याचे आढळले. अभ्रकाची झीज म्हणजे हजारो वर्षांची गोष्ट असे आपण समजतो. मुळाशेजारी ती आठवड्याभरात सुरू होते.

मात्र झीज कडेपासून आत जाते, म्हणून जसजसे पोटॅशियम निघत जाते, तसतसे पुढचे पोटॅशियम अधिक आतून आणि अधिक सावकाश यावे लागते. साठा शिल्लक असूनही पुरवठ्याचा वेग पिकाच्या गरजेपेक्षा कमी पडू शकतो.

पालघरची जमीन

आता आपल्या भागाकडे वळू. पालघर, बोईसर, डहाणूपासून जव्हार-मोखाड्यापर्यंतचा प्रदेश मुख्यतः दख्खनच्या बेसाल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक. वैतरणा आणि सूर्या या नद्या गाळ आणतात तोही याच खडकाचा. ग्रॅनाइटमध्ये तीन-चार टक्के पोटॅशियम असते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये ते सर्वसाधारणपणे अर्धा टक्का किंवा त्याहून कमी भरते. सिंधुदुर्गात किंवा विदर्भाच्या पूर्व भागात जुने ग्रॅनाइट-नाइस खडक उघडे पडतात आणि त्यांत डोळ्यांना दिसणारे अभ्रक सापडते. पालघरच्या कातळात ते तसे सापडणार नाही. बेसाल्टपासून झालेल्या काळ्या जमिनींच्या चिकणमातीत मुख्य खनिज असते ते स्मेक्टाइट. अभ्रक असते, पण थोडे आणि बारीक कणांच्या रूपात. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेतील शास्त्रज्ञांनी भारतीय जमिनींतील सूक्ष्म अभ्रकाच्या झिजेचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. पालाशाचे नियोजन करताना या अभ्रकाचा प्रकार आणि कणांचा आकार पाहिला पाहिजे, हे त्यांच्या कामाचे एक सूत्र आहे.

स्मेक्टाइटचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे दुसरा कप्पा ऐसपैस असतो आणि काळ्या जमिनीचा पत्रिकेवरचा आकडा बहुधा चांगला येतो. पण मागचा, तिसरा कप्पा ग्रॅनाइटच्या जमिनीइतका भरलेला नसतो. खिशात पैसे दिसतात, पण पेढीवरची शिल्लक बेताचीच, असा हा प्रकार आहे.

किनाऱ्यालगतच्या खारजमिनींची गोष्ट आणखी वेगळी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ०.४ ग्रॅम पोटॅशियम असते. खाडीचे पाणी चढणाऱ्या शेतात ते मातीत येते आणि अमोनियम ॲसिटेट ते इमानाने मोजते. आकडा मोठा दिसतो, पण हे पोटॅशियम अभ्रकाच्या झिजेतून आलेले नसते. शिवाय समुद्राच्या पाण्यात सोडियम त्याच्या पंचवीसपटीहूनही जास्त असते, त्यामुळे अशा जमिनीत पिकाला पालाश भरपूर मिळेल असेही म्हणता येत नाही. म्हणजे काळ्या खाचराचा आणि खारजमिनीचा आकडा एकच आला, तरी दोन्ही जमिनी सारख्या नव्हेत.

या पार्श्वभूमीवर पेंढ्याचा हिशेब पुन्हा पाहावा. शेतातून जाणाऱ्या पोटॅशियमच्या सात भागांपैकी सहा भाग पेंढ्यात असतात. पेंढा गुरांनी खाल्ला आणि शेणखत त्याच शेतात परत आले, तर बरेचसे पोटॅशियम घरीच राहते. पेंढा आणि गवत मुंबई परिसरातील तबेल्यांकडे विकले गेले, तर त्याबरोबर पोटॅशियमही कायमचे जाते. गवत विकणे हा अनेक कुटुंबांचा आधार आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण विकलेल्या गठ्ठ्याबरोबर जमिनीचा कोणता भाग गेला, याची जाणीव हवी.

या भागातील राब भाजण्याची जुनी रीत या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. उन्हाळ्यात ऐनासारख्या झाडांचे टहाळ, शेण, गवत, पालापाचोळा आणि वर माती असे थर देऊन भाताच्या रोपांची जागा भाजतात. जंगलातील झाडांनी खोलवरून वर आणलेले पोटॅशियम राखेच्या रूपाने शेतात येते. अर्थात राबाचा परिणाम केवळ राखेचा नसतो. भाजल्यामुळे तणांचे बी मरते आणि मातीतील काही अन्नद्रव्ये मोकळी होतात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरल्ड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ साली राबपद्धतीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला होता. झाडांवर पडणारा ताण आणि धूर पाहता आज ही रीत जशीच्या तशी चालवावी असे आम्ही म्हणणार नाही. परंतु चुलीची राख आणि पेंढ्याचे कंपोस्ट खाचरात परत घालण्याचा अर्थ तिच्यावरून कळतो.

विकतच्या खताची बाजूही पाहिली पाहिजे. म्युरेट ऑफ पोटॅशसाठी भारत आयातीवर अवलंबून आहे. कॅनडा, रशिया, बेलारूस यांसारख्या देशांतून ते येते. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर खताचे भाव कसे भडकले, हे शेतकऱ्यांनी अनुभवले आहे. त्यामुळे देशातल्या अभ्रकाकडे खत म्हणून पाहण्याचे प्रयत्न झाले. अभ्रकाच्या खाणींत टाकाऊ भुकटीचे ढीग पडलेले असतात. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील संशोधकांनी अशी भुकटी आणि पालाश मोकळे करणारे जिवाणू यांचे प्रयोग केले आणि पिकाने घेतलेले पोटॅशियम त्यामुळे वाढल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध केले. अशा खताचे काम सावकाश चालते. म्युरेटची जागा ते लगेच घेईल असे नाही.

तारापूर आणि त्याच खळग्यातला दुसरा पाहुणा

बोईसरहून काही किलोमीटरवर तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून १९६९ मध्ये वीज मिळू लागली. अभ्रकाचा आणि अणुविज्ञानाचा काय संबंध, असे कोणी विचारील. युरेनियमच्या विखंडनात सीझियम-१३७ हा किरणोत्सारी समस्थानिक तयार होतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षे आहे. आवर्त सारणीत सीझियम पोटॅशियमच्याच स्तंभात, खाली बसते. ते पोटॅशियमसारखे वागते, आणि अभ्रकाच्या उसवलेल्या कडांमधील खळगे त्याला पोटॅशियमपेक्षाही जास्त घट्ट धरतात. त्यामुळे अभ्रकी माती सीझियमला वरच्या काही सेंटिमीटरमध्येच अडवून ठेवते. ते भूजलात सहज उतरत नाही.

मार्च २०११ मधील फुकुशिमा अपघातानंतर जपानने या ज्ञानाचा भातशेतीत उपयोग केला. मातीत पोटॅशियम पुरेसे असेल, तर भाताचे मूळ सीझियम कमी उचलते. म्हणून तेथे शंभर ग्रॅम मातीत किमान २५ मिलिग्रॅम विनिमयक्षम पालाश राहील, इतके खत देण्याची शिफारस करण्यात आली. खताचा एक हिशेब असा अन्नाच्या सुरक्षिततेचा हिशेब झाला.

आपल्या अणुकेंद्रांच्या परिसरातही पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा माती, पाणी, दूध, मासे यांचे नमुने नियमित तपासतात. मातीतून येणारे गॅमा किरण मोजताना सीझियमबरोबर आणखी एक ठळक खूण दिसते, ती नैसर्गिक पोटॅशियम-४० ची. जगातल्या सर्व पोटॅशियममध्ये हा समस्थानिक सुमारे ०.०१२ टक्के असतो आणि त्याचा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. त्याच्या किरणांवरून मातीतील एकूण पोटॅशियम कोणतेही रसायन न घालता मोजता येते. मात्र त्यातले पिकाला किती मिळेल, हे गॅमा किरण सांगत नाहीत. तेवढ्यासाठी रसायनाकडेच यावे लागते.

वर्गात करून पाहा

१. इस्त्री दुरुस्त करणाऱ्याकडून अभ्रकाचा जुना तुकडा मिळवा. टाचणीने त्याचे पापुद्रे सोडवा. शेवटचा सुटेल तो पापुद्राही हजारो मूळ थरांचा असतो, हे मुलांना जाडीच्या गणिताने दाखवता येईल.

२. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मिथिलिन ब्लू आणि इओसिन ही रंजके असतात. दोन नरसाळ्यांत कापूस घालून त्यावर कोरडी काळी माती भरा. एकात मिथिलिन ब्लूचे आणि दुसऱ्यात इओसिनचे विरल द्रावण सावकाश ओता. मिथिलिन ब्लूच्या आयनावर धन प्रभार असल्याने माती ते अडवते आणि खाली जवळजवळ रंगहीन पाणी येते. इओसिनवर ऋण प्रभार असतो, ते बरेचसे खाली उतरते. मातीकणांवरील ऋण प्रभार यावरून समजतो.

३. चुलीची राख पाण्यात ढवळून गाळून घ्या. हळदीने रंगवलेला कागद या पाण्यात लाल होतो. पाणी आटवून उरलेला क्षार स्वच्छ तारेच्या टोकावर घेऊन ज्योतीत धरा. सोडियममुळे आधी पिवळा रंग दिसेल. निळ्या कोबाल्ट काचेतून पाहिल्यास पोटॅशियमचा जांभळट रंग ओळखता येतो. हे पाणी दाहक असते, म्हणून हातमोजे आणि चष्मा वापरावा. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी पोटॅशियम प्रथम वेगळे केले, ते राखेपासून मिळणाऱ्या क्षाराच्या घराण्यातील दाहक पोटॅशमधून. या मूलद्रव्याचे इंग्रजी नावही भांड्यातील राखेवरूनच आले आहे.

४. गावातील दोन-तीन शेतकऱ्यांच्या पत्रिका मागून घ्या. पेंढा आणि शेणखत कुठे जाते, राख कुठे टाकतात, हे विचारून प्रत्येक शेताचा पालाशाचा जमाखर्च मुलांकडून मांडून घ्या. बेरीज-वजाबाकीपलीकडे त्याला काही लागत नाही.

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. पत्रिकेवरचा आकडा खोटा नसतो. अमोनियम ॲसिटेटला मातीकडून पाच मिनिटांत मिळालेले ते खरे उत्तर असते. नायट्रिक आम्ल, टेट्राफेनिलबोरेट आणि भाताचे मूळ त्याच मातीला वेगवेगळे प्रश्न विचारतात, आणि त्यांना वेगवेगळी उत्तरे मिळतात. बेसाल्टच्या, बेताच्या अभ्रकाच्या जमिनीत 'जास्त' हा शेरा आजच्या हंगामापुरता समजावा. ज्यांच्या शेतातून पेंढा दरवर्षी बाहेर जातो, त्यांनी दर दोन-तीन वर्षांनी त्याच शेताची, त्याच हंगामात माती तपासून आकडे एकापुढे एक लिहून ठेवावेत. शक्य असेल तर कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र किंवा दापोलीचे कृषी विद्यापीठ यांच्याकडे बद्ध पालाशाचीही चौकशी करावी. आकडा हळूहळू उतरत असेल, तर शेणखत, कंपोस्ट, राख आणि गरजेपुरते खत यांनी तो सावरता येतो. थरांच्या कडा एकदा रिकाम्या झाल्यावर पुढचा पालाश फार आतून येतो, आणि पिकाला तितका वेळ थांबता येत नाही.